पाहुण्यासाठी राखलेलं पाखरू

कारंडी संस्थानच्या सरकारांनी माळढोकांच्या राखणीला माणूस नेमला, तोही कोण, तर आप्पासो धनगर. त्या माळावर आप्पासोइतकी माळढोकं कुणीच फस्त केली नव्हती. मेंढरं चारता चारता तो फासा लावायचा आणि सांजेला त्याच्या पालावर रश्श्याचा वास सुटायचा. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या म्हणून लोक हसले. सरकार मात्र कच्चे नव्हते. ते म्हणाले, "हाच राखायला लागला की मारणारा उरतो कोण?"

ही राखण काही मायेपोटी नव्हती. इंग्रज साहेबाला माळढोकाच्या शिकारीची भारी हौस, आणि साहेब खूश झाला तर सरकारांना तोफांची सलामी मिळण्याची आशा. म्हणून दवंडी पिटली गेली, की साहेबाआधी जो कुणी माळढोकाला हात लावील तो तुरुंगात जाईल.

साहेब दिवाळीनंतर यायचा होता. तेवढ्यात जपान लढाईत उतरला आणि साहेबाची सवड गेली. पुढच्या साली येतो म्हणाला, त्याच्याही पुढच्या साली येतो म्हणाला. साहेब येईना आणि माळावर पाखरं वाढत चालली.

सुरुवातीला आप्पासो दुसऱ्याच्या आमराईची राखण करावी तशी राखण करायचा, तोंडाला पाणी सुटायचं ते गिळून. मग एका पावसाळ्यात त्यानं नर घुमताना पाहिला. गळ्याची पांढरी पिशवी पार गुडघ्यापर्यंत सोडलेली, शेपूट पाठीवर उलटं टाकलेलं, आणि घुमणं असं, की विहिरीच्या तळातून कुणी हुंकार द्यावा. आप्पासो कुत्र्याचं तोंड दाबून उभा राहिला. मेंढरं तोवर दुसऱ्याच्या मटकीत शिरली.

त्याची बायको हरणाबाई भांडण मिटवून आली. "आवं, लगनात माज्याकडं तरी असं बघितलं व्हतं का?"

"तू कुटं अशी घुमलीस?" आप्पासो म्हणाला, आणि त्या रात्री त्याला कोरडी भाकरी मिळाली.

लढाई संपली. साहेब एकही गोळी न झाडता विलायतेला निघून गेला. पाठोपाठ संस्थान खालसा झालं. सरकारांना तोफा मिळाल्या नाहीतच, आणि त्यांची दवंडीही त्यांच्याबरोबरच गेली.

थंडी पडली तशी एक जीप माळावर आली. जीपमध्ये हंबीरराव होते, पलूसकडचे ऊसवाले बागायतदार, पलटणीतून जमादार होऊन परतलेले. सोबत बंदुका घेतलेले सोयरेधायरे. आप्पासो जीपला आडवा झाला.

"जमादार, मारू नगासा. राखल्याली पाखरं हायती."

"कुनासाठी राखलीस रं?"

आप्पासोनं तोंड उघडलं. खरं उत्तर एकच होतं. "सायबासाठी," तो म्हणाला.

हंबीरराव खळखळून हसले. "गोऱ्यासाठी राखलीस आन् आपल्या मानसाला न्हाई म्हनतुयास? सोराज्य आलंय गड्या!"

इतक्या वर्षांत पाखरांनी बंदुकीचा बार ऐकला नव्हता. जीप जवळ आली तरी ती उडाली नाहीत. माना उंच करून बघत राहिली. ही निर्धास्तपणाची सवय आप्पासोनंच त्यांना लावली होती.

हंबीरराव मनाचे दिलदार. सांजेला त्यांनी आप्पासोला मानानं पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतःच्या हातानं तंगडी वाढली. "तू राखलीस म्हनून आमास्नी गावली."

घास घशाखाली उतरणार नाही असं आप्पासोला वाटलं होतं. उतरला. लय गोड लागला. त्यानं भाकरीनं ताट पुसून खाल्लं. घरी आल्यावर हरणाबाईला हाताचा वास आला. ती पाण्याचा तांब्या पुढं ठेवून आत गेली. आप्पासो हात घासत बसला.

मग इतरही जीपा आल्या. दुसऱ्या पावसाळ्यात हंबीरराव पुन्हा आले तेव्हा माळ मुका होता. दिवसभर हिंडून ते आप्पासोपाशी येऊन उभे राहिले. आवाज खरोखरच जड झाला होता.

"आपल्या मुलखाचं वैभव गेलं रं. कुनीतरी राखाय पायजे व्हतं."

"व्हय जी."

"एकांदं तरी ऱ्हायलंय का कुटं? खरं सांग."

समोरच्या टेकाडाआड, कुसळी गवतात, एक मादी आपल्या एकुलत्या अंड्यावर बसली होती. सकाळीच आप्पासोनं मेंढरं तिला वळसा घालून नेली होती.

"न्हाई जमादार," तो म्हणाला. "समदी संपली."

हंबीरराव खाली बसले, त्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला. मग सुस्कारा सोडून उठले. "बरं, लोनंदच्या अंगाला काय गावतंय का बघतो," म्हणाले आणि जीपमध्ये चढले.

जीप दिसेनाशी होईपर्यंत आप्पासो हलला नाही. टेकाडाकडं चांगलं कोवळं गवत होतं. मेंढरं तिकडं ओढ घेत होती. त्यानं काठी आडवी धरून ती उघड्या खडकाकडं वळवली.