उजेडातली खाच

चामोर्शी तालुक्यातल्या एका आतल्या गावात, तळ्याकाठच्या घरी, जया दिवेलागणीला लॅपटॉपपुढे बसली होती. वर्षभर ती एकाच ताऱ्याचा उजेड तपासत होती. ताऱ्यापुढून ग्रह सरकला की उजेड किंचित मंदावतो, आलेखात खाच पडते. आज दुपारी तिचा ग्रह पाणी टिकेल इतक्या अंतरावर निघाला, तेव्हा वडिलांनी, उमाजींनी, जाळं सांधताना विचारलं होतं, "तिथी जीव हाय का?"

"इतक्या दुरून नाई समजत, बाबा."

"मंग एवढी शिकून का फायदा?" असं म्हणत हसत ते तिच्यासाठी मरळ मासा आणायला तळ्यावर गेले होते.

डोक्यावरचा बल्ब मंदावला. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.

"पडला डुक्कर!" धाकटा भाऊ प्रफुल ओसरीवरून ओरडला. रानडुकरं धान नासवत होती. त्यानं खांबावरच्या लाइनीत आकडा अडकवून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उघडी तार ओढली होती. गावात अशी तार निजानीज झाल्यावर, घरोघर सांगून लावतात. यानं उजेडातच लावली होती.

"आकडा काढ," जया म्हणाली.

"पुरा मरू दे, बाई. अर्धमेला डुक्कर पोट फाडते."

"डुक्कर ओरडला का?"

प्रफुलनं धुऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबा रस्त्यानं येतेत."

"उशीर झाला की धुऱ्यानं येतात."

ती खांबाकडे धावली. तो आडवा आला. "काऊन येडी झाली? शिकार जाईन ना!"

जयानं कुंपणाचा वाळका बांबू उपसला आणि त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, रक्ताची धार लागली. दुसरा फटका आकड्यावर बसला. ठिणग्या उडाल्या, तार खाली पडली, आणि मागे घरातला बल्ब पुन्हा लख्ख झाला.

खाच भरून आली होती.

उमाजी धुऱ्यावर पालथे पडले होते. तार मुठीत रुतली होती, तळवा हाडापर्यंत जळाला होता. मरळ चिखलात अजून तडफडत होती. जयानं त्यांना उताणं केलं आणि छाती दाबायला लागली. बरगडी कडकन मोडली, तरी ती दाबतच राहिली. शेवटी तिचे हात थांबले.

प्रफुल लांबच उभा होता. "बाई... जीव हाय का?"

"इतक्या दुरून नाई समजत. इथी ये."

तो हलला नाही. मग तिनं उठून त्याचं मनगट धरलं, फरफटत आणलं, आणि त्याचा हात बाबांच्या छातीवर दाबून धरला.