निळ्या-हिरव्यांच्या ओढाताणीतला लाल चेंडू

मित्रांनो, मी चेंडू आहे, पण गोल नाही. दोन्ही टोकांना निमुळता असल्यामुळे जमिनीवर आपटलो की कुठे उसळेन, हे मला स्वतःलाही सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियात ज्या खेळाला सगळे लाडाने ‘फूटी’ म्हणतात, त्या खेळाचा मी एक जुना चामडी चेंडू. माझा लाल रंग आता विटकरी झाला आहे. एका बाजूची शिवण उसवून पुन्हा घातलेली आहे. पण अजून हवा धरतो, म्हणून ही हकिगत सांगायला बसलो आहे. ती माझी जितकी आहे, तितकीच निहारिकाची आहे.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यात झाला. चामड्याचे चार तुकडे उलट बाजूने एकमेकांना शिवले, मग मला मोज्यासारखे सुलटे केले, आत रबरी फुगा घातला आणि वरून जाड नाडी ओवली. ज्या बाईने मला शिवले, तिने मला दोन्ही तळव्यांत धरून फिरवून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

तिथून मी ॲडलेडच्या उत्तरेकडच्या एका शाळेत आलो. मुले माझ्यासाठी भांडत. मग नवे चेंडू आले आणि मी सामानाच्या खोलीत पडलो. हवा गेली, पोट आत गेले. शेवटी कोणीतरी मला ऑप-शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, एका टोपलीत टाकले. शेजारी तारा तुटलेली टेनिसची रॅकेट होती. आमची बोलायची इच्छाच उरली नव्हती.

तिथे मला चारुदत्तने उचलले. तो पुण्याहून शिकायला याच भागातल्या मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत आला होता, इथेच राहिला आणि आता रेल्वेच्या सिग्नलचे काम पाहतो. त्याची बायको नीला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. त्या दिवशी त्याच्याबरोबर त्यांची सात वर्षांची मुलगी निहारिका होती.

‘‘हा बघ, रग्बीचा बॉल,’’ चारुदत्त म्हणाला.

‘‘बाबा, इट्स अ फूटी,’’ निहारिकाने त्याची चूक सुधारली आणि मला काखेत घेतले. त्या काखेत मी पुढची कितीतरी वर्षे काढली.

मॉसन लेक्सच्या तळ्याकाठच्या हिरवळीवर ती मला लाथाडायला शिकली. एकदा मी सरळ तळ्यात गेलो आणि चारुदत्तला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरावे लागले. भिजून मी फुगलो होतो. निहारिकाने मला हीटरसमोर ठेवले, तेव्हा नीलाने लगेच उचलले. ‘‘अगं, चामडं तडकेल. सावलीत वाळू दे,’’ ती म्हणाली. तिने मला वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आणि वाळल्यावर खोबरेल तेल चोळले. नीलाला फूटी मुळीच आवडत नसे. पोरीचे गुडघे जातील याची तिला धास्ती होती. पण वस्तू असो की माणूस, हयगय तिला बघवत नसे. तेव्हापासून माझ्या अंगाला खोबरेलाचा वास आहे. क्लबातल्या मुली आधी हसल्या, मग मला हळूच हुंगू लागल्या.

निहारिका उंचीने बेताची. पण तिच्या पायात जे होते ते उंच मुलींतही क्वचित असते. धावत्या मैत्रिणीच्या छातीवर ती मला अलगद नेऊन ठेवी. मी हवेत असतानाच मला कळे, की मी योग्य हातात पोचणार आहे. चेंडूला याहून मोठे सुख नाही.

आमच्या राज्यात मुलींच्या फूटीचे दोन विद्यापीठ-संघ होते. एक शहरातला, निळ्या जर्सीचा. त्यांचे मैदान मोठे, जिम मोठे, नावही मोठे. दुसरा आमच्या उत्तरेकडचा, हिरव्या जर्सीचा, नुकताच उभा राहू लागलेला. निहारिका सोळा वर्षांची असताना निळ्यांनी शाळेतल्या मुलींसाठी ठेवलेल्या चाचणीला गेली. ती उत्तम खेळली. मी कडेच्या गवतात पडलो होतो आणि त्यांचा कोच क्रेग आपल्या सहकाऱ्याशी बोलत होता.

‘‘नाइस किक. पण फार लहान आहे. उंच मुली आपल्याला शेजारच्या व्हिक्टोरियातून मिळतातच की.’’

निहारिका मला उचलायला वाकली होती. तिनेही ते ऐकले. गाडीत ती बाबांना एवढेच म्हणाली, ‘‘आय वेंट ओके.’’ घरी आल्यावर मात्र तिने बूट काढले नाहीत. मागच्या अंगणात भिंतीवर ती मला मारत राहिली. रागाने नाही. प्रत्येक वेळी एकाच विटेवर.

मग कोविड आला. मैदानांच्या फाटकांवर फिती लागल्या. सराव बंद, सामने बंद. निहारिकाचे बारावीचे वर्ष होते आणि शाळा लॅपटॉपवर आली होती. माझ्या सोबतीचे बरेच चेंडू त्या महिन्यांत कपाटात मऊ पडले. मला मात्र सुट्टी मिळाली नाही. अंगणाच्या टोकाला पिवळ्या झाकणाचा रीसायकलिंगचा डबा होता. निहारिका झाकण उघडून ठेवी आणि मला त्यात टाकायचा सराव करी. आधी जवळून, मग पार गॅरेजच्या दारापासून. हुकलो की मी कुंपणावर धडकायचो आणि शेजारचा कुत्रा भुंकायचा. आणलेली प्रत्येक वस्तू पुसायची, असे ते दिवस होते. एकदा चारुदत्तने मलाही सॅनिटायझरने घासले आणि माझी कातडी भेगाळली. पुन्हा नीलाचे खोबरेल कामी आले.

जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, व्हिक्टोरिया राज्याची बॉर्डर बंद झाली आणि आमच्या राज्यातल्या मुलींचे भाव एकदम वधारले. बाहेरून कोणी येऊ शकत नव्हते, त्यामुळे दोन्ही संघ पुढच्या वर्षासाठी आपल्याच राज्यात खेळाडू शोधू लागले. जिला ‘फार लहान’ म्हटले होते, तिच्या घरी क्रेग स्वतः आला.

तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. अंतर राखून बसला, नीलाचा चहा आवडीने प्यायला आणि जे सांगितले ते खरेच होते. त्यांच्याकडे फिजिओ होता, परीक्षेच्या काळात शिकवणी होती, मोठ्या लीगमध्ये खेळलेले प्रशिक्षक होते. ‘‘नोव्हेंबरच्या चाचणीला ये,’’ तो म्हणाला. ‘‘एक जागा तुझ्यासाठी डोळ्यांसमोर आहे.’’ चारुदत्तचा चेहरा उजळला. त्या युनिव्हर्सिटीचे नाव त्याने पुण्यात असल्यापासून ऐकले होते.

हिरव्यांची कोच ब्रॉनविन घरी आली नाही. मैदाने उघडल्यावर तिने निहारिकाला आपल्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल मैदानावर, बोलावले. चेंजरूम म्हणजे पत्र्याची शेड होती आणि ती एका कोपऱ्यात गळत होती.

‘‘आय वोंट लाय, मेट,’’ ब्रॉनविन म्हणाली. ‘‘गेल्या मोसमात आम्ही सगळ्या मॅच हरलो. पण तुझ्या किकभोवती मला टीम बांधायची आहे. तू मिडफील्डमध्ये खेळशील, पहिल्या दिवसापासून.’’

निहारिकाने विचार करून सांगते म्हटले. तिला न्यायला आलेला चारुदत्त परतताना म्हणाला, ‘‘विचार कसला त्यात? निळेच!’’

नोव्हेंबरात आमच्याच भागात रुग्ण सापडले. नीलाच्या एका सहकाऱ्याला लागण झाली आणि सगळे घर दोन आठवडे विलगीकरणात गेले. निळ्यांची चाचणी नेमकी त्यातल्या शनिवारी होती. निहारिकाने ब्रॉनविनला घर बंद असल्याचे कळवले आणि क्रेगला फोन केला. तो हळहळला, पण थांबायला तयार नव्हता. ‘‘नेक्स्ट यीअर ट्राय कर,’’ तो म्हणाला.

नीला खोलीच्या दाराशी उभी राहिली. ‘‘माझ्यामुळे झालं हे.’’

‘‘आई, तू पेशंट्स बघतेस. त्यात तुझा काय फॉल्ट?’’ निहारिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिने ते बाहीने पुसले, मला उचलले आणि अंगणात गेली.

त्या शनिवारी मागच्या गल्लीत एक गाडी थांबली. मागे उघडा हौदा असलेली, जिला इथे ‘यूट’ म्हणतात. तोंडाला मास्क लावलेली ब्रॉनविन त्या हौद्यात चढून उभी राहिली. कुंपणावरून तिचे डोके आणि खांदे दिसू लागले.

‘‘तुला बाहेर यायला बंदी आहे. मला बघायला नाही,’’ ती म्हणाली. ‘‘चालू कर.’’

निहारिकाने मला डब्यात घातले. मग पुन्हा. मग पुन्हा.

‘‘आता डाव्या पायाने.’’

डावा पाय तिचा कच्चा होता. मी डब्याच्या कडेला लागून उडालो. दुसऱ्यांदा कुंपणावर. तिसऱ्यांदा थेट नीलाच्या कढीपत्त्यात. नीला खिडकीतून बघत होती.

‘‘का हुकतोय?’’ ब्रॉनविनने विचारले.

निहारिका धापा टाकत होती. ‘‘पाय लागायच्या आधीच मी वर बघतेय. कुठे गेला ते बघायची घाई होते.’’

‘‘मग?’’

‘‘मग नाही बघणार.’’

त्यानंतरही मी बराच वेळ हुकत राहिलो. सावल्या लांबल्या, कुत्रा भुंकून थकला, ब्रॉनविन उभीच होती. शेवटी मी एकदा डब्याच्या तळाशी धप्पकन पडलो आणि पाठोपाठ आणखी एकदा. ब्रॉनविनने टाळ्या वाजवल्या नाहीत. ‘‘मला हेच बघायचं होतं,’’ एवढे म्हणून ती खाली उतरली आणि गेली. संबंध दुपारभर कोणीतरी आपल्यासाठी उभे राहिले, हे निहारिकाच्या मनाला किती भिडले ते मला कळले. ब्रॉनविन गेल्यावरही अंधार पडेपर्यंत ती मला डाव्या पायाने मारत राहिली.

विलगीकरण संपले आणि क्रेगचा फोन आला. व्हिक्टोरियाच्या दोन मुलींनी पुढच्या वर्षी घरीच राहायचे ठरवले होते. चाचणी न घेता तो निहारिकाला जागा द्यायला तयार होता. शनिवारी थांबलो नाही याबद्दल त्याने माफीही मागितली.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळे बसले. मी निहारिकाच्या पायांशी होतो.

‘‘ही संधी पुन्हा नाही यायची,’’ चारुदत्त म्हणाला. ‘‘तिथल्या नावावर दारं उघडतात, बेटा. मी इथे आलो तेव्हा मला किती दारं ठोठावावी लागली, मला माहितीये.’’

‘‘आय नो, बाबा.’’

‘‘मग अडतंय कुठे?’’

निहारिका मराठीतून, शब्द जुळवत म्हणाली, ‘‘बॉर्डर उघडली की त्यांना उंच मुली परत मिळतील. मग मी बेंचवर. बॉर्डर बंद होती म्हणून घेतलेली मुलगी, असं मला नाही व्हायचं. ब्रॉनविनला मी हवी होते, बॉर्डर असो नसो.’’

‘‘पण त्या संघाचं काही नावच नाही गं.’’

‘‘मग आम्ही करू ना.’’

चारुदत्तने नीलाकडे पाहिले. आपल्या बाजूने कोणी बोलेल तर तीच, असे त्याला वाटले असावे. नीला म्हणाली, ‘‘मला हा खेळ आजही आवडत नाही. पण खेळायचंच असेल तर तिने खेळावं, बसून राहू नये.’’

क्रेगला नकार कळवायचे काम चारुदत्त करायला निघाला होता. निहारिकाने फोन त्याच्या हातातून घेतला. ‘‘मी सांगते. त्यांनी मला विचारलंय.’’

पुढच्या हिवाळ्यात निळे आणि हिरवे समोरासमोर आले. प्रेक्षक फाटकावर फोनने नोंद करून आत येत होते. कोविडआधीच्या सामन्यात निळ्यांनी हिरव्यांचा पार धुव्वा उडवला होता. सरावापुरता मला मैदानात घेतले, मग चारुदत्तच्या मांडीवर ठेवले. तो सामनाभर मला दाबत होता, इतका की माझी नाडी सैल झाली. निहारिका निळ्यांच्या उंच मुलींच्या मधून वाट काढत होती. दोनदा जोरात आपटली, दोनदा उठली. नीला डोळे मिटून घेई आणि चारुदत्तला विचारी, ‘‘उठली का?’’

हिरवे हरले. पण अगदी थोडक्यात. निळ्यांना शेवटच्या शिट्टीपर्यंत धावावे लागले. सामना संपल्यावर क्रेग निहारिकापाशी आला, कोपराला कोपर लावले आणि म्हणाला, ‘‘आमची चूक झाली. दोनदा.’’ ती हसली आणि थँक यू म्हणाली. त्याच वेळी उत्तरेकडच्या शाळांतल्या काही मुली त्या गळक्या शेडपाशी घोळका करून उभ्या होत्या. हिरव्यांचा सराव कधी असतो, हे त्यांना विचारायचे होते.

आता मी त्याच शेडमध्ये राहतो. नव्या मुलींच्या हातात आधी मला देतात. परवा ब्रॉनविनने निहारिकाला मरी ब्रिज नावाच्या गावातल्या एका मुलीला फोन करायला सांगितले. निळेही तिच्या मागे आहेत. निहारिका तिला म्हणाली, ‘‘दोन्हीकडे जाऊन ये. आमच्याकडे पाऊस पडत असेल त्या दिवशी ये, शेड गळताना बघ. मग ठरव.’’ ब्रॉनविन कपाळाला हात लावून बसली, पण तिने फोन काढून घेतला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा चेंडू कोपऱ्यात मऊ पडला असेल. त्याला रात्रभर दवात ठेवू नका, भिजला तर सावलीत वाळवा, अधूनमधून तेलाचे बोट लावा आणि हवा भरा. आम्ही म्हातारे होतो ते खेळून नव्हे, पडून राहून. आणि तुमच्यातल्या कोणाला कोणी ‘फार लहान’ म्हटले असेल, तर त्याला एकट्याने भिंतीशी झुंजू देऊ नका. जरा वेळ तिथे उभे राहा. बोलायची गरज नाही, नुसते बघत उभे राहिलात तरी चालते.

मला आता थांबायला हवे. मंगळवार आहे, पाऊस आहे, आणि मरी ब्रिजची गाडी फाटकाशी आली आहे.