तीस सेकंदांची जागा

दानिलो ओयार्सोला बुडून सात आठवडे झाले होते, आणि तो अजून रेडिओवर बोलत होता.

हे सगळ्या बेटाला माहीत होतं. म्हातारी दोन्या एर्सिरा मच्छीमार सोसायटीच्या खोलीतून रोज सकाळी सातला हवामान सांगायची. वारा कुठला, लाटा किती, देव सांभाळो, एवढं तिचं झालं की जरा खरखर व्हायची आणि मग दानिलोचा आवाज यायचा: "...वाट मोकळी आहे, बाबा. या. मी इथेच थांबलोय." संपलं. कुणी बोटीवरून दोनच शब्द बोललं तर त्यामागून आधीच्या कुणाकुणाच्या बोलण्याचे तुकडे यायचे आणि सगळ्यात शेवटी पुन्हा दानिलो. बायकांनी नवस बोलून पाहिले, पाद्रीबाबांनी टेकडीवरच्या रेडिओच्या खांबाला तीर्थ शिंपडलं. खांबाला त्याचं काय? तो आपला बोलतच राहिला.

एवढ्यावर भागलं असतं तर कुणी काही केलंही नसतं. आमच्या बेटांवर बुडालेली माणसं थोडीफार बोलतात, त्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. पण म्हातारा बेलार्मिनो, दानिलोचा बाप, रोज बोट काढायला लागला. मासे धरायला नव्हे. खाडीच्या अरुंद तोंडाबाहेर जाऊन थांबायचा आणि रेडिओ ऐकायचा. मुलगा सापडला नव्हता ना. जिथे तो गेला, तिथूनच तो या म्हणत होता.

शेवटी दोन्या एर्सिराने बाल्दिव्हिया शहरात फोन लावला. म्हाताऱ्याची मुलगी यास्ना तिकडे नोकरीला होती, आणि पाच बेटांच्या सोसायटीसाठी टेकडीवरचं यंत्र बसवलं होतं तेही तिनेच. म्हातारी आडपडदा न ठेवता म्हणाली, "तुझं यंत्र तुझ्या बापाला पाण्यात बोलावतंय. ये आणि काय ते निस्तर."

यास्ना बसने आणि मग लाँचने आली. आल्या आल्या तिला कारण कळल्यासारखं वाटलं. यंत्राचं काम साधं होतं: बोटीवरून आलेलं बोलणं तीस सेकंदांच्या एका जागेत, यंत्र बंद झालं तरी जी आपोआप पुसली जात नाही अशा जागेत, साठवायचं, मग ती जागा अख्खी सगळ्यांना ऐकवायची, मग पुसायची. पुसलं नाही तर नवं बोलणं जिथे संपेल तिथून पुढे जुनं ऐकू येणार. दानिलोला बडबडायची भारी हौस. त्या शेवटच्या दिवशी तो पूर्ण तीस सेकंदं बोलला होता. बाकी आमची माणसं तोंडातल्या तोंडात चार शब्द बोलून मोकळी होतात, एर्सिराचं हवामानसुद्धा पंचविसात आटपतं. त्यामुळे दानिलोची शेपटी तेवढी शिल्लक राहिली असणार.

पण पुसायची ओळ तर तिथे होती. यंत्राचा सगळ्यात आतला प्रोग्राम, कर्नेल म्हणतात तो, यास्नाने एकटीने लिहिला होता. जागा शून्यांनी भरायचं छोटं फंक्शनसुद्धा तिने स्वतः लिहून त्याला मेमसेट हे जगभर चालणारं नाव दिलं होतं. मग तिने एक पहारेकरी ओळ घातली: पुसून झालं की त्या जागेत डोकावायचं आणि काय दिसतं ते कळवायचं. टेकडी चढून यंत्रात ते भरलं आणि वाट बघितली. पहाऱ्याने कळवलं, जागा कोरी आहे. दोन दिवस शंभरेक संदेश गेले, प्रत्येक वेळी कोरी. दानिलोही आला नाही.

यास्नाला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर तिला रडू आलं. सगळ्या बेटाने भावाचा आवाज ऐकला होता, कोंबड्या विकणाऱ्या परक्या बाईनेसुद्धा, आणि तिला एकदाही ऐकू आला नव्हता. बापाने दोन दिवस तिच्याशी अवाक्षर काढलं नाही. चुलीपाशी बसून माते, तो कडू पाल्याचा चहा, नळीने ओढत राहायचा; घरातल्यांनी एकाच भांड्यातून आळीपाळीने प्यायचा तो, पण तिच्या हातात भांडंसुद्धा देत नव्हता.

एर्सिरा मात्र बटाट्याचं मिल्काओ थापता थापता तिला म्हणाली, "तू टपून बसलीस म्हणून येत नाही तो. बघायचं सोड, येईल."

यास्ना हसली. शिकलेली माणसं हसतात तशी. कोड्यात भर नको म्हणून तिने तिसऱ्या संध्याकाळी ती पहाऱ्याची ओळ काढून टाकली, यंत्र होतं तसं केलं आणि उतरून आली.

चौथ्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की सोसायटीच्या पायरीवरून धक्का दिसेना. बाप घरात नव्हता. पहाटेच्या भरतीबरोबर तो बाहेर पडला होता, आणि आता ओहोटी लागली होती. ओहोटीत त्या तोंडातून आत शिरणं म्हणजे उघडउघड जीव देणं. पाणी खडकांवरून घसरत बाहेर पडत असतं, ते अकरापर्यंत शांत होत नाही. दानिलो त्यातच गेला होता. घड्याळात साडेआठ झाले होते.

"सातला आला होता तो," म्हणत एर्सिराने रेडिओसमोरची खुर्ची सोडली. यास्नाने बटण दाबलं आणि सांगितलं, "बाबा, आत येऊ नका. ओहोटी आहे. अकरापर्यंत बाहेरच थांबा." बटण सोडलं. टेकडीवरून तिचंच बोलणं परत आलं. मग एर्सिराच्या हवामानाचा तुकडा, लाटा दीड मीटर, देव सांभाळो. मग खरखर.

"...वाट मोकळी आहे, बाबा. या. मी इथेच थांबलोय."

तोच आवाज, 'बाबा' म्हणताना जरा ओढणारा. कुणीतरी मागे उभं आहे असं वाटून यास्नाने वळूनही पाहिलं. मागे एर्सिराच होती, हात जोडून.

बापाचं उत्तर आलं, "ऐकलं. येतोय."

कुणाचं ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. यास्नाने पुन्हा सांगितलं, या वेळी ओरडून. पुन्हा तिच्या पाठोपाठ तो, तितक्याच मायेने, या म्हणाला. ती जितक्या वेळा थांबा म्हणेल तितक्या वेळा तो या म्हणणार होता. आणि त्या क्षणी तिला एर्सिराचं बोलणं लख्ख कळलं. बघायचं सोड, येईल. बाई गं, अक्षरशः तसंच होतं ते. माणसाचं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर, मार्चमध्ये तिनेच नवा घेतला होता. त्याने मेमसेट हे नाव पाहिलं. हे आपल्या ओळखीचं, जागा पुसायचं काम, असं धरून चालला. मग त्याने पुढे पाहिलं: पुसल्यावर इथे कुणी बघतंय का? कुणी नाही. मग पुसायचं तरी कशाला? त्याने तिची ओळ गुपचूप गाळून टाकली. तिने पहारा बसवला तेव्हा बघणारं कुणीतरी आलं, म्हणून त्याने निमूट पुसलं. त्या जास्तीच्या ओळीमुळे यंत्राने तेव्हा साठवायला दुसरीच जागा धरली होती, दानिलोची जुनी जागा न पुसता तशीच पडून होती. पहारा उठला, यंत्र जुन्या जागेवर आलं, आणि दानिलो परत आला.

सगळं समजलं, पण उपयोग शून्य. दुरुस्त करून टेकडी चढायला दीड तास. यंत्र बंद करावं तर बापाला खाडीच्या तोंडाशी अडवणारं कुणीच उरत नव्हतं. एकच वाट होती. ती जिथे थांबेल तिथून दानिलो सुरू होणार, म्हणून तिने थांबायचंच नाही. तीस सेकंदं. ती जागा काठोकाठ स्वतःच्या आवाजाने भरायची. मग तो कुठेच राहणार नाही, या यंत्रात नाही की आणखी कुठे नाही.

"एर्सिरा, त्याचा आवाज दुसरीकडे कुठे आहे?" तिने विचारलं.

"कुठे असणार, पोरी."

यास्नाने बटण दाबलं. ओहोटी, खडक, अकरा वाजता, हे सगळं सांगून झालं तेव्हा घड्याळात नऊच सेकंदं सरली होती. दानिलो सोडला तर त्यांच्या घरातल्या माणसांना तेवढंच बोलता येतं. मग तिने डोळे मिटले आणि जे तोंडाला आलं ते बोलत सुटली. "दानिलो गेला बाबा, तिथे कुणी थांबलेलं नाही. ते मी न पुसलेलं आहे, चूक माझी आहे. मी त्याच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला आले नाही, बस चुकली म्हणून सांगितलं, बस चुकली नव्हती, माझी हिंमत झाली नाही. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, नका बोलू, पण नांगर टाका. मला एकटं टाकून त्याच्याकडे जाऊ नका. मी इथे बसले आहे, इथेच बसणार आहे, नांगर टाका बाबा, नांगर टाका, नांगर..."

यंत्राने मर्यादा आली म्हणून आवाज तोडला.

मग ते सगळं टेकडीवरून परत आलं. ती आणि एर्सिरा ऐकत राहिल्या. शेवटचा नांगर आला, खरखर झाली, आणि पुढे कुणी बोललं नाही. दानिलो गेला होता. एप्रिलमध्ये तो बुडाला तेव्हा कळलं नव्हतं इतकं यास्नाला ते आता कळलं.

बापाचा एकच शब्द आला. "टाकला." आणि त्या शब्दामागून यास्नाचाच आवाज, मधूनच उचललेला: खडक, अकरा वाजता, दानिलो गेला बाबा, बस चुकली नव्हती, शेवटपर्यंत. तो स्वतःचा आवाज तिला मेलेल्या बाईचा वाटला.

सव्वाअकराला म्हातारा धक्क्याला लागला. बूट काढता काढता त्याने विचारलं, "आता तो यायचा नाही?"

"नाही, बाबा."

त्याने माते केला, पहिला स्वतः प्यायला आणि दुसरा भरून भांडं तिच्या हातात दिलं. ते संपवून ती कॉम्प्युटरपाशी बसली. कंपायलरला पुसायला लावायचं तर त्याला बजावावं लागतं की पुसल्यावर या जागेत कुणीतरी बघणार आहे. तिने तसं लिहिलं. खोटं होतं ते. तिथे बघायला आता कुणीच येणार नव्हतं.