माझ्या पुढच्या चाकातली चकती

मी एक जुनी सायकल आहे. नागपूरला गोळीबार चौकाजवळ एका कोष्टी कुटुंबात माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, माझ्या पुढच्या चाकात जी पोलादी चकती दिसते, ती मी जन्मासोबत आणलेली नाही. ती मला पुढे मिळाली, आणि तिच्यामुळेच मी आज मान ताठ ठेवून बोलते आहे.

कारखान्यातून आले तेव्हा मी काळीभोर होते. लुगड्यांचे गठ्ठे बाजारात नेणं हे माझं पहिलं काम. पुढे घरातले माग बंद पडले. घरातले कर्ते महादेवराव कळमेश्वरच्या एका कारखान्यात लोखंड कातणाऱ्या लेथ यंत्रावर कामाला लागले, त्यांची बायको सुभद्रा नर्स झाली आणि मी तिच्या वाट्याला आले. लसीची पेटी कॅरियरला बांधून आम्ही दोघी खेडोपाडी फिरत असू. माझी घंटी ऐकली की बाया लेकरं घेऊन अंगणात येत.

एकदा नाला ओलांडून आम्ही उताराला लागलो. समोर बैलगाडी आली. सुभद्रानं ब्रेक दाबला, पण ओल्या रिमवरून रबर नुसतंच घसरत राहिलं. आम्ही दोघी काटेरी कुंपणात जाऊन पडलो. पेटी फुटली, सुभद्राचा हात मोडला.

"सुभद्रे, आता सायकल बस झाली वं," सासूबाई कुसुमावती म्हणाल्या. "दवाखान्यातच बसून काम कर."

"अन् त्या गावातल्या लेकरांले कोण टोचन, आत्याबाई?"

कुसुमावतींनी मला ओढत मागच्या अंगणात नेलं. मी भिंतीला टेकून राहिले. माझ्या सीटवर कोंबड्या झोपू लागल्या.

मग एके दिवशी महादेवरावांनी भंगारातल्या मोपेडचा, पुढचं चाक धरणारा स्प्रिंगवाला फोर्क आणून मला बसवला. खड्ड्यातले धक्के तो गिळू लागला. नव्या छोट्या मोटारींच्या चाकात ब्रेकसाठी चकती असते, हे त्यांनी पाहिलं होतं. तशीच एक चकती त्यांनी लेथवर कातली आणि माझ्या चाकाच्या मधल्या हबला नट-बोल्टनी आवळली. तिला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा फोर्कच्या वरच्या नळीला बांधला. रिम कितीही भिजली तरी आता ब्रेकला तिची गरजच नव्हती.

पण महादेवराव मला चालवून पाहायला निघाले, तर गल्लीतल्या पहिल्याच खड्ड्यात चाक जागीच आवळलं आणि ते हँडलवरून थेट पुढे पडले.

"पाह्य, मी म्हटलं नव्हतं?" कुसुमावती ओरडल्या.

सुभद्रा प्लास्टरमधला हात सांभाळत माझ्यापाशी बसली. चांगल्या हातानं तिनं हँडल दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं.

"अवो, खड्ड्यात चाक वर जाऊन राहिलं, अन् चिमटा बांधला वरच्या नळीले. तो जागचा हालत नाही. त्याले चाकासंगंच जाऊ द्या ना!"

महादेवराव गुडघा चोळत हसले. "हे मह्या ध्यानात काहून नाही आलं वं!"

त्यांनी खालच्या, चाकासोबत सरकणाऱ्या नळीला पट्टी वेल्ड केली आणि चिमटा तिच्यावर बसवला.

हात बरा झाल्यावर सुभद्रा मला सेमिनरी हिल्सच्या उतारावर घेऊन गेली. महादेवरावांनी माझ्या चाकांवर बादलीभर पाणी ओतलं. खाली पाहते तर काय, रस्त्याच्या मधोमध कुसुमावती उभ्या!

"थांबते म्हणता ना?" त्यांनी खालून हाक दिली. "मंग मह्यापुढं थांबव!"

"आई, बाजूले हो!" महादेवराव ओरडले. त्या हलल्या नाहीत.

सुभद्रानं पायडल मारलं. वारा कानात शिरला, झाडं मागं पळाली, फोर्क खड्ड्यांत दबत आणि उसळत राहिला. मग तिनं ब्रेक ओढला. चिमट्यानं चकती घट्ट धरली, आणि मी कुसुमावतींच्या लुगड्याच्या निऱ्यांपासून वीतभर अंतरावर उभी राहिले. ना घसरले, ना डगमगले.

कुसुमावतींनी वाकून चकतीकडे पाहिलं. मग लुगडं आवरलं आणि माझ्या कॅरियरवर ऐटीत बसल्या.

"पाह्यतं काय? चाल, मले घरापर्यंत ने. अन् उद्यापासून गावाले जा."

सगळ्या चौकानं आमची ती मिरवणूक पाहिली. मित्रांनो, तुम्ही आपल्या सायकलीला झिरमिळ्या जरूर लावा, पण आधी तिचा ब्रेक तपासा. चकतीला तेलाचा हात लावू नका, झिजलेलं रबर वेळेवर बदला. जिला थांबता येतं, तीच सायकल बिनधास्त धावते.