विहिरीतल्या आठ पोरी

गडहिंग्लजजवळ कृष्णातच्या विहिरीत अर्ध्या मिलिमीटरचा एक प्राणी राहतो. पांढरा, आंधळा, झिंग्याचा लांबचा भाऊबंद. लाखो वर्षांत त्यानं कुणाशी बांधावरून भांडण काढलेलं नाही. भाऊबंदांत अशी नोंद दुसरी नसावी.

त्याला शोधलं अवंतिकानं. ती कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवते. तिच्या मते ही नुसती नवी जात नव्हती, जातींचं अख्खं नवं घराणंच होतं. अडचण एकच. हाती लागलेल्या सातही माद्या होत्या, आणि घराण्याचं वेगळेपण ठरतं ते नराच्या पायावरून. नर नाही तर शोधनिबंध नाही.

त्यात परवा गावची म्हाई, म्हणजे गावजत्रा. तीनशे पाहुणे मटणाला येणार, म्हणून कृष्णात आज दुपारी विहिरीत जंतू मारायची पावडर टाकणार होता. अवंतिका सकाळपासून बारीक जाळी घेऊन विहिरीत उतरली होती.

"काय घावलं?" कृष्णातची आई बनाबाई काठावरून ओरडली.

"आठवी मादी, आजी."

"आगं बया! आठ पोरी आन् एक पोरगा न्हाय? आन् आमच्या गावात बत्तीस पोरं बिनलग्नाची, पोरगी एक मिळंना!"

ही बातमी गावात फिरली. थोड्या वेळात, पकडायला जाळी लागते असं ऐकून, बत्तिसातले एकोणीस जण मच्छरदाण्या घेऊन हजर झाले. आठ पोरी कुठल्या, एवढंच त्यांना नीट कळलं नव्हतं. कळल्यावर सतरा जण गेले.

बारा वाजले. कृष्णात पावडरीची बादली घेऊन आला. "म्याडम, या आता वर. पावण्यांस्नी जुलाब लागलं तर तुमचा निबंध वाचत बसतील व्हय?"

अवंतिका रडवेली होऊन वर आली. हात धुवायला विहिरीच्या पाण्याच्या नळाशी गेली, तर बनाबाई नळाच्या तोंडाला बांधलेलं चौपदरी फडकं सोडत होती. "दिवाळीपासनं धुतलं न्हाय. पावण्यांनी बघितलं तर काय म्हणतील?"

"आजी, धुऊ नका!"

ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की कृष्णातच्या हातची बादली गोठ्यापुढं सांडली. अवंतिकाची जाळी तीन तास पाणी गाळत होती. हे फडकं पाच महिने. तिनं ते ताटात पिळलं आणि ओसरीवरच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"मादी... मादी... मादी..." कृष्णात आणि उरलेली दोन पोरं भोवती वाकली. "नर! आजी, नर! पाय बघा पाय!"

बनाबाईनं डोळा लावला. "पाय बरा हाय. बाकी काय करतोय?"

पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी हलगी आणली. अवंतिकानं नराला अलगद उचललं आणि स्पिरिटच्या बाटलीत सोडलं.

"ह्ये कशात घातलंस?"

"दारूच म्हणा, आजी. त्यात नीट टिकतो."

बनाबाईनं बाटली उजेडात धरली.

"आमच्याकडं नवरदेव निदान वरातीपतूर तरी थांबतो," ती म्हणाली, आणि मुलाकडं वळली, "किस्ना, पावण्यांस्नी पाण्याचा टँकर सांग. आत आजून आठ जणी न्हाईत, आठशे असतील. त्यांच्या घरात पावडर टाकायची न्हाय."