हलका हात

"पालथा हो," आक्का म्हणाली, आणि दीपेश पलंगावर पालथा झाला. उशीचा कोपरा त्याने आधीच दातांत धरला. आक्काने चिमट्याने कालच्या पट्टीचं टोक पकडलं आणि ती हळूहळू बाहेर ओढली.

माकडहाडाच्या वर, घडीत, ती जखम होती. बाहेरून बोटभर दिसायची, पण आत बरीच खोल. रोज सकाळी ती सलाइनने धुवायची आणि ओली पट्टी आत भरायची, हे काम आक्काकडे आलं होतं. दुसऱ्या कोणाकडे येणार? दीपेश रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. नवरा वारल्यावर भावाकडे परतलेल्या या आत्यानेच त्याला वाढवलं.

पट्टी अर्धी आत गेली आणि दीपेशच्या पाठीवर घाम फुटला.

"आक्का, बस झाला."

"थोडी रायली हाय."

"वरच ठेव. हात जोडतो तुला."

आक्काचा हात थबकला. उरलेली पट्टी तिने जखमेच्या तोंडाशी दुमडून ठेवली आणि वरून कापूस लावून चिकटपट्टी मारली. दीपेशने उशी सोडली. त्याच्या चेहऱ्यावरचा तो सुटकेचा भाव बघून तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

दीपेश जेसीबी चालवायचा. दापोड्याची भाताची खाचरं बुजवून गोदामांसाठी जमीन सपाट करायची, हा घरचाच धंदा. दिवसभर त्या हादरणाऱ्या सीटवर घामाने भिजून बसायचं. दुखायला लागलं तेव्हा गावाने त्याला केसतूड म्हटलं आणि भाजलेला कांदा बांधायला सांगितला. ते फुटायचं, वाहायचं, चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा ठणकायचं. पुढे पुढे तो जेवायलासुद्धा एका अंगावर कलून बसू लागला. शेवटी भिवंडीच्या सर्जन डॉ. अदिती यांनी ते कापून मोकळं केलं आणि आत सापडलेला केसांचा पुंजका त्याच्या बापाला, केसरीनाथला, वाटीत दाखवला.

"गळलेला केस या घडीत अडकतो आणि बसल्या-बसल्या टोचत आत शिरतो," त्या म्हणाल्या होत्या. "एकामागून एक. मग पू. म्हणून भोवतीचे केस काढत राहायचे आणि तासन्‌तास बसायचं नाही. जखम मी मुद्दाम शिवलेली नाही. ती तळापासून वर भरत यायला हवी. पट्टी रोज तळाला टेकलीच पाहिजे. वरची कातडी आधी मिटली तर आत पोकळी राहील."

"म्हंजे भरावासारखाच," केसरीनाथ म्हणाला. "खालून दाबत यायचा."

"अगदी तसंच. आणि ताप आला, ठणका लागला, तर त्याच दिवशी घेऊन या."

मग त्यांनी आक्काला बेसिनपाशी नेऊन हात धुवायला शिकवलं. मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, आणि नंतर पदराला पुसायचे नाहीत. आक्का मनातल्या मनात हसली होती. अख्ख्या आळीतली बाळं तिच्या हातून न्हाऊन मोठी झाली होती. आक्काचा हात हलका, तिच्या पायांवर पोर रडत नाही, असं सगळे म्हणायचे आणि तिलाही त्याचा अभिमान होता. या जखमेपायी पहिल्यांदाच तिच्या हाताखाली कोणी ओरडलं होतं. सुरुवातीला तिने मन घट्ट करून पट्टी तळापर्यंत नेली. मग एका सकाळी नेली नाही. त्यानंतर कधीच नेली नाही.

दीपेशचं लग्न वैशाखातलं ठरलेलं होतं. नवरीच्या, मृणालीच्या, घरी सांगितलं होतं की त्याची कंबर धरली आहे. खरं सांगितलं असतं तर कोणीतरी नासूर म्हटलं असतं, आणि तो शब्द एकदा तोंडातून निघाला की पुढचं कोणी ऐकून घेत नाही.

जखम मिटली ती सगळ्यांच्या अंदाजाआधी. वर गुलाबी, पातळ, तुकतुकीत कातडी आली. आक्काने भावाला हाक मारून दाखवली.

"डॉक्टरीण तर लय दिवस लागतील बोललेली," केसरीनाथ म्हणाला.

"माझा हात हाय तो."

दीपेश उशीत तोंड खुपसून हसला. केसरीनाथ मात्र हसला नाही. वाकून तो बराच वेळ त्या कातडीकडे बघत राहिला. वरून रोलर फिरवलेली आणि पहिल्या पावसाळ्यात खचलेली जमीन त्याने आयुष्यात पुष्कळ पाहिली होती.

"पट्टी तलाला लागत होती ना, आक्का?"

"लागत होती," आक्का म्हणाली आणि उरलेल्या पट्ट्यांची घडी घालू लागली.

मग आमंत्रणं, मांडव, कपडे. पुढची तपासणी राहून गेली. बरं झालेलं माणूस डॉक्टरकडे कशाला न्यायचं?

हळदीच्या सकाळी दीपेश जिना उतरताना भिंतीला धरून उतरला. आक्काने विचारलं तर म्हणाला, "काय न्हाय, नाचून पाय धरलेत." दुपारी त्याने ताट तसंच सरकवून दिलं. दमला असेल, म्हणून आक्काने ते झाकून ठेवलं.

संध्याकाळी मांडव भरला. दीपेशला पाटावर बसवलं, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धोंडूबाईने हळदीचा धवला धरला आणि सवाष्णी पुढे सरकल्या. मृणालीकडची दोन माणसं उष्टी हळद न्यायला येऊन बसली होती. आक्का ओटीच्या दारात उभी होती. विधवेने नवऱ्यामुलाला हळद लावायची नाही. तिने वाढवलेला पोर होता, तरी नाहीच. हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं, आणि तिने कोणावर रागही धरला नव्हता.

तुळजा, दीपेशची चुलती, त्याच्या पाठीला हळद चोळत होती. ती एकदम थांबली आणि हसली.

"अगो, नवऱ्याचा अंग बघा कसा तापलाय. मृणालीची घाई झाली वाटतं."

बायका खिदळल्या. दीपेशही हसला, पण त्याचे ओठ कोरडे पडले होते. मग त्याने हळूच, कोणाला दिसणार नाही असा, एका अंगावर भार टाकला.

ते कलणं आक्काच्या ओळखीचं होतं. तिने मांडवापलीकडे पाहिलं. पाहुण्यांत बसलेल्या केसरीनाथने पाण्याचा पेला खाली ठेवला होता आणि तो तिच्याकडेच बघत होता. तिला त्या नजरेसमोर उभं राहवेना.

ती आत मोरीत गेली. नळ सोडला आणि साबण घेतला. मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, पुन्हा एकदा मनगटापर्यंत. हात पदराला पुसले नाहीत. ओले हात समोर धरून ती मांडवात आली.

"आक्का, तू नको," तुळजा हलक्या आवाजात म्हणाली.

आक्का थांबली नाही. धोंडूबाईचा धवला मधेच तुटला. मृणालीकडच्या माणसांनी माना वर केल्या. दीपेशने तिचे ओले हात पाहिले आणि मान हलवली.

"वरच ठेव, आक्का," तो पुटपुटला. "आजचा दिवस."

ती त्याच्या मागे बसली. धोतराची गाठ थोडी खाली सरकवली. हळदीखाली ती जागा गरम होती आणि ताणून घट्ट झाली होती. आक्काने तिथे अंगठा ठेवला आणि जोर देऊन दाबला. दीपेश इतक्या मोठ्याने ओरडला की चुलीपाशी बसलेली माणसंसुद्धा उठून उभी राहिली.

केसरीनाथ गाडीची चावी शोधत होता.

"पाट काढा," आक्का बायकांना म्हणाली, आणि मग दीपेशला, रोजच्यासारखंच, "पालथा हो."