लकडगंजच्या संघातली पाचवी

मी एक जुनी, काळी, कॅरिअरवाली सायकल आहे, मित्रांनो. आज माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालते, पण एके काळी मी मोठ्या शर्यतीत धावले आहे. हसू नका, खरेच धावले आहे.

नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि १९६८ साली शालिकराम मला घरी घेऊन आले. ते लकडगंजला लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला होते. दर रविवारी ते मला रॉकेलने पुसत, साखळीला तेल देत. मला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नसे. सख्ख्या मेहुण्याने एकदा मला मागितले, तर "तिले ताप आहे," असे सांगून त्याला पायी पाठवले.

त्यांचे दुसरे वेड म्हणजे सायकल शर्यत. लकडगंजच्या लाकडाच्या टालवाल्यांनी चार सायकलपटूंचा संघ पगारावर ठेवला होता. शर्यत तीन दिवस चाले. रोज प्रत्येक संघाच्या पहिल्या तिघांच्या वेळा धरत, आणि ज्यांची एकूण बेरीज सर्वांत कमी, त्यांना ढाल मिळे. सारे लकडगंज वेगवान देवाजीच्या नावाने ओरडायचे. शालिकराम मात्र धोंडबाचे भक्त. धोंडबा समोरचा वारा अंगावर घेऊन देवाजीला आडोसा द्यायचा, त्याच्यासाठी पाणी आणायचा आणि स्वतः विसाव्या नंबरावर यायचा.

"देवाजी जिंकते, पण त्याले जिंकवते कोण? धोंडबा!" शालिकराम पानठेल्यावर सांगत. "टीम म्हणजे काय गा? आपल्याजवळ असन, ते दुसऱ्याले द्याचं." घरी पत्नी गोपिकाबाईंनाही हे भाषण रोज पोळीबरोबर मिळे.

१९७४ साली संघातला चौथा गडी पहिल्याच दिवशी कोथिंबिरीच्या चिक्कार सांबारवड्या खाऊन पोट धरून बसला. आता उरलेल्या तिघांनीही शेवटपर्यंत पोचणे भाग होते. तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून नागपूर गाठायचे होते. शालिकराम आणि गोपिकाबाई बाजार करून पारडी नाक्यावर उभे होते. माझ्या कॅरिअरला वांग्यांचे पोते बांधले होते.

आणि नेमके आमच्यासमोर देवाजीचे पुढचे चाक फुटले! सामानाची जीप कुठे मागे राहिली होती. धोंडबाने क्षणात आपले चाक काढून त्याला दिले. देवाजी गेला, तिसरा साथीदारही गेला. धोंडबा एकचाकी सांगाडा हातात घेऊन उभा राहिला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि थेट आमच्याकडे धावत आला.

"दादा, सायकल द्या ना गा!"

शालिकरामांनी माझा दांडा असा आवळला की मला कळ आली. "हिचे... हिचे ब्रेक बराबर नाही," ते पुटपुटले.

माझे ब्रेक! माझा इतका अपमान कधी झाला नव्हता.

"अवो, काहून खोटं बोलून राहिले?" गोपिकाबाई भर रस्त्यात कडाडल्या. "रोज तं मले टीम-टीम शिकवता! आता द्या ना आपल्याजवळ असन ते!"

लोक हसले. शालिकरामांचे कान लाल झाले. त्यांनी डोळे मिटले आणि दांडा सोडला.

पोते सोडायला वेळ नव्हता. धोंडबाने अशी टांग मारली की माझे मडगार्ड थरथरले. मागे वांगी टपाटप पडत होती आणि त्यांच्यामागे शालिकराम धावत ओरडत होते, "कालच तेल देल्लं आहे! दाब गा, दाब!" मी एका चकचकीत शर्यतीच्या सायकलला मागे टाकले. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी जन्मभर विसरणार नाही.

आम्ही शेवटची रेषा ओलांडली आणि विरोधी संघाने लगेच हरकत घेतली, "ही शर्यत आहे का भाजीबाजार?" पंच गणपतरावांनी नियमांचे पुस्तक दोनदा चाळले. रेषा सायकलवरून ओलांडावी, एवढेच त्यात होते. भाजीबद्दल एक अक्षर नव्हते. बेरीज झाली आणि लकडगंजने अकरा सेकंदांनी ढाल जिंकली!

लोकांनी देवाजीला खांद्यावर घेतले. इतक्यात शालिकराम धापा टाकत पोचले. माझे पेडल वाकले होते, रंग खरचटला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. धोंडबाच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "तुले लागलं तं नाही ना, बापा?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.

त्यानंतर मी साऱ्या मोहल्ल्याची झाले. कोणी दवाखान्यात नेले, कोणी लग्नाला. पुढे स्कूटर आल्या आणि मी भिंतीला टेकले. मित्रांनो, घरातल्या जुन्या सायकलला कधीतरी तेल द्या, तिच्यात हवा भरा. आणि शर्यत पाहायला गेलात, तर जिंकणाऱ्यासाठी टाळ्या जरूर वाजवा, पण लगेच घरी निघू नका. चाक देणारा अजून रस्त्यात असतो.